वार मोडू नका, कादंबरी सोडली तरी चालेल

हा अंक हातात आहे तोवर एक काम करा. घरातले फडताळ किंवा टीव्हीखालचा कप्पा उघडून पाहा. तिथे एखादी जाडजूड कादंबरी पडलेली सापडेल. तिच्या पन्नास-साठाव्या पानात एस.टी.चे तिकीट, लग्नपत्रिकेचा तुकडा नाहीतर खताच्या दुकानाची पावती खूण म्हणून ठेवलेली असेल. त्या पावतीवरची तारीख वाचा आणि आठवून पाहा, त्या तारखेनंतर घरात दुसरे कोणते पुस्तक वाचून झाले?

बऱ्याच घरांत उत्तर येईल, एकही नाही.

2024 च्या फेब्रुवारीत आपल्या अमळनेरला 97 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. तुमच्यापैकी जे गेले असतील, त्यांनी हौसेने चार पुस्तके आणली असतील. त्यातल्या किती कादंबऱ्या शेवटच्या पानापर्यंत गेल्या, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

विचारले की आपण सांगतो, "वेळ कुठे मिळतो?" ते खोटे नाही. कापसाची वेचणी आली की हात मोकळा नसतो. केळीला पाणी द्यायचे तर लाइट रात्रीची. पण माझा अनुभव असा, की वाचनाची सवय वेळ नाही म्हणून जेवढी मोडते, त्याहून जास्त ती एका फसलेल्या कादंबरीमुळे मोडते. कादंबरी रंगत नाही आणि अर्धवट टाकायला मन घेत नाही. ती संपत नाही, म्हणून दुसरी हाती येत नाही. अरुंद गाडवाटेत पुढचा बैल बसला की मागच्या सगळ्या गाड्या खोळंबतात, तशी गत होते. आमच्या घरी नेमके हेच घडले होते.

रिकामा ओटा

तापीकाठच्या आमच्या गावी 1978 च्या सुमारास रविवारी रात्री आमच्या ओट्यावर वाचन होत असे. वडील सातवी शिकलेले, आवाज खणखणीत. चातुर्मासात ते पोथी वाचत. कधी हरिविजय, कधी भक्तिविजय, कधी पांडवप्रताप. पोथीची समाप्ती झाली की गल्लीतल्या बायामाणसांना चुकल्याचुकल्यासारखे होई. म्हणून दिवाळीनंतर त्यांनी गावच्या वाचनालयातून कादंबऱ्या आणून वाचायला सुरुवात केली.

पहिली वाचली ती व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. 1955 साली आलेले लहानसे पुस्तक. एक कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरवस्तीवर शाळा चालवायला जातो, त्याची ती हकिगत. आमच्या लोकांनी माणदेश पाहिलेला नव्हता. पण आमच्याकडे मेंढ्या घेऊन येणारे ठेलारी सगळ्यांच्या ओळखीचे होते. पुस्तकातली माणसे त्यांना तशीच वाटली. शेवटी दुष्काळ पडतो आणि वस्ती रिकामी होते, तेव्हा आमचा सालदार उठून अंधारात जाऊन उभा राहिला होता.

पुढच्या खेपेला वडिलांनी एक जाड कादंबरी आणली. गावाकडचीच होती. नाव सांगत नाही. तिच्यात पाटील होता, तमासगिरीण होती, वाड्यातले भांडण होते. पहिल्या रविवारी ओटा भरलेला. दुसऱ्या रविवारी पोरे पांगली. तिसऱ्या रविवारी सालदाराला झोप येऊ लागली. आमची माय शेंगा फोडत ऐकत बसे. चौथ्या रविवारी ती म्हणाली, "मी म्हणते, ह्या पुस्तकातल्या वावरात निंदणी कधीच नसते का हो?"

सगळे हसले. वडिलांना मात्र राग आला. सुरू केलेले अर्धवट ठेवायचे नाही, असे म्हणून ते पुढे वाचत राहिले. नवव्या की दहाव्या रविवारी कादंबरी संपली, तेव्हा ओट्यावर मी एकटा होतो आणि तोही डुलक्या घेत. पुढच्या रविवारी कुणीच आले नाही. वडिलांनी कंदील लावला, थोडा वेळ बसले आणि विझवला. कादंबरी पूर्ण झाली आणि रविवार गेला. तो रविवार परत यायला काही महिने लागले. तो कसा आला ते शेवटी सांगतो.

पोथीचा नियम आणि कादंबरी

वडिलांचे काय चुकले? त्यांनी पोथीचा नियम कादंबरीला लावला.

आपल्याकडे घरात पुस्तक आले ते पोथीच्या रूपाने. पोथीचे दोन नियम आपल्या हाडीमासी भिनलेले आहेत. एक, ठरलेल्या वेळी बसायचे. दोन, सुरू केलेली पोथी समाप्तीपर्यंत न्यायची, मध्ये सोडायची नाही. पोथीसाठी दोन्ही नियम योग्य आहेत. ऐकणाऱ्याला गोष्ट आधीच ठाऊक असते. त्याला पुण्य हवे असते, भजन हवे असते, चार माणसांची संगत हवी असते.

कादंबरी ही कुणा एका माणसाने रचलेली गोष्ट. ती साधेल किंवा फसेल. फसलेली कादंबरी मध्येच ठेवली तर पाप लागत नाही. तरी आपल्याला आत कुठेतरी टोचते. चार पैसे टाकून पुस्तक आणले, वाचनालयाची वर्गणी भरली, लोक म्हणतील अर्धवट सोडले. त्यापायी आपण धड वाचत नाही आणि धड सोडतही नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे: पोथीचा पहिला नियम घट्ट धरा आणि दुसरा कादंबरीपुरता सोडून द्या. बसण्याचा वार मोडायचा नाही. पुस्तक बदलले तरी चालेल.

धुळ्याच्या तुरुंगातले 18 रविवार

ठरलेला वार पाळला तर काय उभे राहते, याचा दाखला आपल्या खानदेशातच आहे. 1932 साली सत्याग्रहात पकडलेले विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेले साने गुरुजीही तिथेच होते. बंदिवानांना गीता समजावून सांगायचे ठरले. 21 फेब्रुवारी 1932 ला रविवार होता. त्या दिवशी पहिला अध्याय झाला. मग दर रविवारी एक. 19 जूनला अठरावा अध्याय झाला.

पंचांग घेऊन मोजून पाहा. 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात 18 रविवार येतात आणि गीतेचे अध्यायही 18. म्हणजे एकाही रविवारी खाडा पडला नाही. विनोबा बोलत गेले आणि साने गुरुजी भराभर लिहून घेत गेले. त्यातून 'गीता प्रवचने' हे पुस्तक झाले, आणि पुढे ते कितीतरी भाषांत गेले. रोज चार तास कुणी बसले नव्हते. आठवड्यातून एकदा बसले, पण नेमाने बसले.

तुम्ही म्हणाल, ते तुरुंगात होते, त्यांना ना वावर ना गुरे. खरे आहे. म्हणून आपला वार आपल्या कामाच्या घडीप्रमाणे नेमला पाहिजे.

वार कसा नेमावा?

गावाचा आठवडा बाजाराच्या दिवसाभोवती फिरतो. मीठ-मिरची, बी-बियाणे, डॉक्टर, तालुक्याचे काम, सारे त्या दिवसाला बांधलेले असते. पुस्तकही त्यालाच बांधा. बाजाराच्या पिशवीत वाचलेले पुस्तक टाकायचे आणि वाचनालयातून दुसरे आणायचे. पुस्तकासाठी वेगळी खेप पडत नाही आणि बदलायची आठवणही राहते. गावातच वाचनालय असेल तर उत्तमच. 1967 च्या ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक वाचनालयांना सरकारी अनुदान मिळू लागले. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, आणि खेड्यातले एका खोलीचे वाचनालयही त्यात बसते. वाचनालय चालू राहायचे तर पुस्तके बाहेर जायला हवीत आणि परत यायला हवीत. आपण अडवून ठेवलेली जाड कादंबरी शेजारच्यालाही मिळत नाही, हेही लक्षात घ्या.

किती वाचावे? सुरुवातीला रविवारी 20 पाने आणि मधल्या एका दिवशी 20 पाने. आठवड्याची झाली 40. वर्षाचे 52 आठवडे धरले तर 2080 पाने होतात. 250 पानांची एक कादंबरी धरली तर वर्षाला आठ. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते असे. आठ चांगल्या कादंबऱ्या वर्षाला वाचणारे घर आपल्या तालुक्यात किती सापडेल, तुम्हीच सांगा.

कामाच्या दिवसांत माप कमी करा, पण वार ठेवा. पेरणीच्या आणि वेचणीच्या आठवड्यात पाचच पाने वाचा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि दुपारी बारा ते चार कुणी घराबाहेर पडत नाही. ते दिवस जाड पुस्तकाचे. चैत्र-वैशाखातली दुपार आणि आखाजीचे दिवस वाचनाच्या कामी लावले तर वर्षाची तूट भरून निघते.

आणखी दोन गोष्टी. वाचनाच्या तासाला मोबाइल चार्जिंगला लावून दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि तो तास घरातल्या बायकांनाही मिळाला पाहिजे. पुरुष पुस्तक घेऊन बसला आणि सून चहा-भाकरीत अडकली, तर ते घराचे वाचन झाले नाही. रविवारची भाकरी तासभर आधी टाका किंवा त्या रात्री खिचडी करा. बसताना सगळे बसा.

हप्त्याने वाचण्याची जुनी रीत

कादंबरी आठवड्याच्या हप्त्याने वाचायची ही रीत मराठीत नवीन नाही. हरि नारायण आपट्यांनी 1890 साली 'करमणूक' नावाचे साप्ताहिक काढले. 'पण लक्षांत कोण घेतो?' ही त्यांची गाजलेली कादंबरी त्यातून क्रमाक्रमाने येत होती. यमू नावाच्या मुलीने आपली कहाणी आपल्याच तोंडून सांगितली आहे. लहानपणचे माहेर, लग्न, सासर आणि पुढचे वैधव्य. वाचणाऱ्याला एका वेळी थोडीच पाने मिळत आणि पुढच्या अंकाची वाट पाहावी लागे. मधल्या दिवसांत घरात तिच्यावर बोलणे होई.

या रीतीचा एक मोठा फायदा आहे. चांगली कादंबरी आठवडाभर डोक्यात राहते. निंदताना, गुरांना चारा टाकताना माणूस विचार करतो की तिचे पुढे काय झाले असेल. आणि कादंबरी फसलेली असेल तर तेही चटकन कळते. रविवारी वाचलेले बुधवारी आठवतसुद्धा नसेल, तर पुस्तकात काही कमी आहे असे समजावे.

बियाणे तपासा, मग पेरा

कादंबरी फसली आहे हे ठरवायचे कसे? आपण सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्याआधी काय करतो? 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो. आठवडाभराने उघडून कोंब मोजतो. 70 किंवा जास्त उगवले तर बियाणे चालते. फारच कमी उगवले तर ते पेरीत नाही. पोतेभर बियाणे घरचे आहे म्हणून वावरात टाकले तर दुबार पेरणीची पाळी येते.

कादंबरीची पहिली 50 पाने म्हणजे हे 100 दाणे. तेवढी मात्र मन लावून वाचा. दहा पानांवर सोडणे हा पुस्तकावर अन्याय आहे. 50 पाने झाली की स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला, यातली माणसे बाजारात भेटली तर ओळखू येतील का? की पाटील म्हणजे मिशी आणि सून म्हणजे रडणे, एवढेच आहे?

दुसरा, पुढे काय होते हे कळावे असे वाटते का?

तिसरा प्रश्न माझ्या मायने विचारलेला. यातले काम खरे आहे का? वावर असेल तर निंदणी आहे का, पावसाची वाट पाहणे आहे का, सोसायटीचे कर्ज आहे का? गोष्ट शहरातली असेल तर तिथली नोकरी, भाडे, लोकलची गर्दी खरी वाटते का?

तीनपैकी दोन उत्तरे 'हो' आली तर पुढे चला. एकच आले तर आणखी एक आठवडा द्या. एकही नाही आले तर पुस्तक मिटा आणि बाजाराच्या पिशवीत टाका. घरात चारजण ऐकत असतील तर त्यांनाही विचारा. वाचणाऱ्याचा मान मोठा, पण ऐकणाऱ्याचे मत खरे.

कुणाला वाटेल, पुस्तकाला असे पारखणे म्हणजे उद्धटपणा. तर धुळ्याचेच उदाहरण घ्या. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुने कागद गोळा केले. 1926 च्या डिसेंबरात ते धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तिथे आहे. एवढ्या गंभीर प्रकृतीच्या माणसाने 'कादंबरी' या विषयावर मोठा निबंध लिहिला आहे. त्या काळच्या मराठी कादंबऱ्यांवर ते समाधानी नव्हते आणि तसे त्यांनी स्पष्ट लिहिले. कादंबरीवर नाराज होणारा माणूस कादंबरीचा शत्रू असतो असे नाही. जो कापूस पारखतो, त्यालाच कापसाची किंमत कळते.

वाफसा आला नसेल तर

आता दुसरी बाजू. बी चांगले असते, पण जमिनीला वाफसा आलेला नसतो. चिखलात पेरले तर उत्तम बियाणेही कुजते. त्यात दोष बियाण्याचा नसतो.

भालचंद्र नेमाडे आपल्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे. त्यांची 'कोसला' 1963 साली आली, तेव्हा ते पंचविशीत होते. पुढे त्यांना 2014 चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. आपल्या मातीतला एवढा मोठा लेखक म्हणून मी 'कोसला' अभिमानाने हाती घेतली आणि चाळिसाव्या पानावर ठेवून दिली. मला गोष्ट सापडेना. खेड्यातला पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो, वसतिगृहात राहतो, पैसे उडवतो, परीक्षेत घसरतो, गावी परत येतो. यात काय वाचायचे, असे मला वाटले. माझी एक वही आहे. सोडलेल्या पुस्तकाचे नाव, पान आणि कारण मी तिच्यात लिहितो. 'कोसला'पुढे मी लिहिले होते, "भाषा अंगावर येते. गोष्ट सापडत नाही."

बारा-तेरा वर्षांनी माझा मुलगा पुण्याला शिकायला गेला. दुसऱ्या वर्षी दिवाळीला घरी आला तो गप्प गप्प. विचारले तर तुटक उत्तर. रागावलो तर उठून वावरात निघून जाई. खर्च का वाढला ते सांगेना, निकाल दाखवेना. तो परत गेल्यावर मी वही चाळत होतो, तेव्हा 'कोसला' आठवली. पुन्हा आणली. या वेळी दर रविवारी 20 पानांच्या हिशेबाने वाचली आणि एकही रविवार जड गेला नाही. पांडुरंग आणि त्याचे वडील यांच्यातले ते अवघडलेपण मी माझ्या घरात पाहिले होते. धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग आला, तेव्हा पुस्तक मिटून मला बाहेर जाऊन बसावे लागले. पुढच्या खेपेला मुलगा घरी आला तेव्हा मी निकालाचे विचारले नाही. जेवतोस कुठे, खोलीत कोण कोण आहे, एवढेच विचारले. मग हळूहळू तोच बोलू लागला.

पुस्तक तेच होते. वाफसा माझा आला नव्हता.

म्हणून वहीत कारण लिहायला विसरू नका. "माणसे खोटी वाटली" असे लिहिले असेल तर त्या पुस्तकाकडे परत जायची गरज नाही. "कळले नाही", "भाषा जड वाटली" असे लिहिले असेल तर दोन-चार वर्षांनी त्याला पुन्हा एक संधी द्या. दोन्ही कारणे एकच समजलो असतो, तर 'कोसला' माझ्या हातून कायमची गेली असती.

पुढचे पुस्तक तयार ठेवा

फसलेली कादंबरी सोडायची तर हाताशी दुसरे पुस्तक हवे. नाहीतर वार रिकामा जातो. एक नवे पुस्तक आणि एक खात्रीचे, अशी जोडी ठेवा. खात्रीचे म्हणजे ज्याला चार शहाण्या माणसांनी चांगले म्हटले आहे आणि ज्यात आपल्या जगण्याची ओळख पटते असे.

आपल्यासारख्या घरांसाठी काही नावे सांगतो. 'बनगरवाडी' सांगितलीच. उद्धव शेळके यांची 1960 ची 'धग'. गरिबीत संसार ओढणाऱ्या कौतिकची ती गोष्ट घरातल्या प्रत्येक बाईने ऐकावी. आनंद यादवांची 1987 ची 'झोंबी'. शेतकऱ्याच्या पोराने शाळेसाठी घरात किती झगडावे लागले ते त्यात आहे. शिकणाऱ्या मुलांना ती मोठ्याने वाचून दाखवा. सदानंद देशमुखांची 2002 ची 'बारोमास'. शिकून वावरात राबणाऱ्या तरुणाची आणि कोरडवाहू शेतीची ही कहाणी, तिला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ही चारही पुस्तके तुम्हाला आवडतीलच असे नाही. 50 पानांची परीक्षा त्यांनाही लावा.

आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचनातून वगळू नका. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी लिहून ठेवली, आणि 1952 साली, त्या गेल्यानंतर, ती पुस्तकरूपाने आली. आज विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. अक्षर न ओळखणाऱ्या माणसाला खरे-खोटे चांगले कळते. तुमच्या घरातली आजी ओट्यावर ऐकत असेल, तर तिला पुस्तक कसे वाटते ते जरूर विचारा.

रविवार परत आला तो असा

आमचा रविवार परत आला तो आखाजीला. आत्या माहेरी आली होती. झोके झाले, जेवणे झाली. रात्री ओट्यावर बसल्यावर ती वडिलांना म्हणाली, "दादा, ती मेंढरांवाल्यांची गोष्ट मी अर्धीच ऐकली होती. मास्तरचे पुढे काय झाले?"

वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधी ते दाराशी जाऊन उभे होते. 'बनगरवाडी' आणली आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. ऐकलेलीच गोष्ट, पण ओटा भरला. पुढच्या रविवारी भरला, त्याच्या पुढच्या रविवारीही भरला.

त्यानंतर वडिलांनी एक नवी पद्धत पाडली. कोणतीही नवी कादंबरी तिसऱ्या रविवारी थांबवायची आणि मायकडे पाहून विचारायचे, "काय म्हणता, पुढे न्यायची का?" माय कधी मान हलवी, कधी नुसती शेंगा फोडत राही. ती शेंगा फोडत राहिली की वडील पुस्तक मिटून बाजूला ठेवीत आणि दुसरे उघडीत. पुढे त्यांची नजर अधू झाली, तेव्हा ते काम माझ्याकडे आले. शेवटच्या आजारपणातला एक रविवार सोडला तर त्यांनी ऐकायचा वार चुकवला नाही.

तर मग या आठवड्यात एवढे करा. फडताळातली ती पावती अडकलेली कादंबरी काढा. आणखी एका रविवारची 20 पाने तिला द्या आणि तीन प्रश्न विचारा. जमले तर पुढे वाचा. नाही जमले तर वहीत पान आणि कारण लिहा, पावती काढून घ्या आणि पुढच्या बाजाराला पुस्तक पिशवीत टाकून परत करा. येताना दुसरे घेऊन या. रविवारी रात्री घरच्यांना सांगा, आज जेवणे लवकर आटपायची आहेत.